ब्लॉग लिहून लिहून दमलात? पुन्हा लिहितं कसं व्हावं

चार वर्षं मी सायकल दुरुस्तीवर दर सोमवारी आणि गुरुवारी लेख टाकत होते. मग एका बुधवारी रात्री पावणेबाराला ड्राफ्ट उघडून बसले. वर शीर्षक ‘नवीन लेख (३)’, खाली एकच ओळ आणि शेजारच्या टॅबमध्ये वाचकांचे आकडे. त्या ओळीकडे दोनदा पाहिलं असेल, आकड्यांकडे वीसदा. त्या रात्री लेख झाला नाही. पुढचे पाच महिनेही झाला नाही.

त्या पाच महिन्यांत मी काय काय चुकीचं केलं आणि शेवटी गाडं कशानं हललं, ते क्रमाने सांगते. क्रम पाळा, कारण बहुतेक जण (मीसुद्धा) शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. नवं वेळापत्रक, नवी थीम, उसनं अवसान, आणि पंधरा दिवसांत पुन्हा बसकण.

पायरी १ : हे नक्की काय आहे ते ओळखा

‘लिहायचा कंटाळा आलाय’ हे एकच वाक्य आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. कधी निव्वळ आळस असतो, तो दोन दिवसांत जातो. कधी विषयाचा कंटाळा असतो, तो विषय बदलला की जातो. बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार रिकामं होणं, मात्र दोन्हींनी हलत नाही.

‘बर्नआउट’वर हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून. तिथे राबणारे बरेच जण स्वयंसेवक होते. कुणी जबरदस्ती केलेली नव्हती, काम मनापासून आवडत होतं, म्हणूनच ते स्वतःला पिळून काढत होते. ब्लॉग लिहिणाऱ्याला हे वर्णन फार ओळखीचं वाटेल. आपल्याला साहेब नसतो, त्यामुळे रजा मंजूर करणाराही कुणी नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. त्यांच्या लेखी हा आजार नाही, आणि ही संज्ञा नोकरी-व्यवसायातल्या ताणापुरतीच आहे. हौसेच्या ब्लॉगला ती काटेकोरपणे लागू होणार नाही, पण आरसा म्हणून ही तीन लक्षणं चांगली आहेत. मला दुसऱ्या लक्षणाने जागं केलं. एका वाचकाने साधा प्रश्न विचारला होता, ‘ब्रेक घासतोय, काय करू?’ आणि माझ्या मनात पहिलं उत्तर आलं, ‘मग चालत जा.’

एक सोपी परीक्षा घ्या. फोटो, शेअरिंग, प्लगइन, स्पॅम, हे सगळं उद्यापासून दुसऱ्या कुणीतरी केलं आणि तुमच्याकडे फक्त लिहिणं उरलं, तर लिहाल का? उत्तर ‘हो’ असेल तर बिघाड लिहिण्यात नाही, लिहिण्याच्या भोवती आहे. उत्तर ‘नाही’ आलं, शिवाय झोप बिघडली असेल, इतर आवडत्या गोष्टींतूनही मन उडालं असेल आणि हे कित्येक आठवडे चाललं असेल, तर या लेखाच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.

पायरी २ : दोन आठवडे हिशेब लिहा

एक वही घ्या. ब्लॉगसाठी केलेलं प्रत्येक काम, त्याला लागलेली मिनिटं आणि काम संपल्यावर बरं वाटलं की वाईट, याची अधिक किंवा वजा अशी खूण. एवढंच. रंगीत तक्ते करत बसू नका, ते आणखी एक काम होऊन बसतं.

माझ्या वहीत आठवड्याचे अकरा तास निघाले. त्यात प्रत्यक्ष लिहिणं अडीच तास. बाकीचे साडेआठ तास फोटो कापणं, शोधशब्द बसावेत म्हणून शीर्षक सात वेळा बदलणं, एकच दुवा पाच ठिकाणी वेगवेगळ्या मजकुरासह टाकणं, ‘तुमच्या साइटवर आमचा लेख छापा’ छापाच्या मेलना नम्र नकार देणं. लिहिण्यापुढे जवळपास सगळे अधिक होते. सर्वांत ठळक वजा होता एका समाजमाध्यमावरच्या हजेरीपुढे. तिथून महिन्याला जेमतेम मूठभर वाचक येत होते आणि तिथले वाद मात्र रात्री डोक्यात घोळत होते. ते खातं मी बंद केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं हे कबूल करते.

वही भरली की वजा खुणांपैकी वेळ खाणारी दोन कामं निवडा. एक कायमचं सोडा, दुसरं महिन्यातून एकदा गठ्ठ्याने करा. सगळंच एकदम सुधारायला जाऊ नका.

पायरी ३ : रजा घ्या, पण तारीख लावून

‘सध्या थोडा ब्रेक’ ही रजा नव्हे, ती टांगती तलवार. रोज सकाळी ‘आज लिहायला हवं होतं’ असं वाटत राहतं, म्हणजे काम होत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. दोन ते चार आठवडे ठरवा आणि ब्लॉगवर दोन ओळींत सांगून टाका : अमुक तारखेपर्यंत नवा लेख येणार नाही. कारणं देत बसू नका, माफी तर अजिबात नको.

निघण्याआधी तीन गोष्टी तपासा : डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख रजेच्या मध्येच येत नाही ना, बॅकअप घेतलाय ना आणि प्रतिक्रिया मंजुरीशिवाय दिसणार नाहीत अशी सेटिंग आहे ना. मग फोनवरून अ‍ॅप काढून टाका.

ही अ‍ॅप काढायची गोष्ट किरकोळ वाटते, पण खरी मेख तिथेच आहे. कामावरून उठणं वेगळं आणि काम डोक्यातून जाणं वेगळं. थकवा भरून यायला यातलं दुसरं लागतं. माझी पहिली रजा मी ‘प्रेरणा मिळावी’ म्हणून इतरांचे सायकल ब्लॉग वाचण्यात घालवली. तीन आठवड्यांनी परतले ती अधिकच दमून, वर हेवा घेऊन. दुसऱ्या रजेत स्क्रीनशी संबंध नसलेलं, हाताने करायचं आणि कुणाला न दाखवायचं काम केलं. एका जुन्या लाकडी पेटीचा रंग खरवडला. फोटो काढायचा मोह दोनदा आवरला.

वाचक पळून जातील ही भीती सगळ्यांना असते. पण शोधातून येणारा माणूस तुमच्या जुन्या लेखावर येतो, त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. या आठवड्यात तुम्ही काय टाकलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पायरी ४ : आकड्यांना वेळ बांधून द्या

मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, ‘चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल.’ दुसऱ्या गटाला ते नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं, काहीच न मिळालेल्या मुलांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्र काढत होती. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळालं, त्यांची आवड मात्र टिकून होती.

वाचकसंख्येचा आलेख म्हणजे आपलं प्रशस्तिपत्रक. लिहिण्याआधीच ‘याला किती येतील?’ असा प्रश्न पडायला लागला की आवडीचं काम मजुरी होतं. आणि मजुरी तरी आपल्या कष्टांप्रमाणे मिळावी! गूगल वर्षातून अनेकदा शोधाच्या पद्धतीत मोठे बदल करतं, आणि तुम्ही एक शब्दही न बदलता वाचक निम्मे होऊ शकतात. त्या आलेखाला आपल्या लेखणीचं प्रगतिपुस्तक समजणं हा स्वतःवर अन्याय आहे.

म्हणून आकडे महिन्यातून एकदा पाहायचे, दिवस ठरवून. मी पहिला रविवार ठेवलाय. बाकीचे दिवस डॅशबोर्डमधून लॉगआउट, बुकमार्क काढलेला. पाहताना रोजचा चढउतार बघू नका. गेले २८ दिवस आणि त्याआधीचे २८ दिवस एवढीच तुलना करा आणि वहीत एक ओळ लिहा. अर्धा तास पुरतो.

सोबत एक फाइल ठेवा, वाचकांच्या शब्दांची. ‘तुमचं वाचून पहिल्यांदा स्वतः पंक्चर काढलं’ असं कुणी लिहिलं की ते तिथे चिकटवायचं. आलेख खाली गेलेल्या रविवारी मी ही फाइल उघडते.

पायरी ५ : लेख नको, आधी परिच्छेद

रजेवरून परतताना ‘आता एक दणदणीत लेख’ हा विचार घातक असतो. माझा ‘सायकल देखभाल : संपूर्ण मार्गदर्शन’ हा ड्राफ्ट तीन महिने अडून बसला होता. चौदा उपशीर्षकं, प्रत्येकाखाली ‘इथे लिहायचं आहे’. एके दिवशी त्यातलं एकच उपशीर्षक उचललं, ‘चेन’. तेही मोठं वाटलं, म्हणून आणखी बारीक केलं : चेन बदलायला झाली का, हे साध्या पट्टीने कसं ओळखावं. नव्या चेनवर एका पिनेच्या मध्यावर पट्टीचं शून्य ठेवलं की तिच्या पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक षोडशांश इंचाने पुढे गेली असेल तर नवी चेन घ्यायची वेळ झाली, एक अष्टमांशाने गेली असेल तर बहुधा मागची दातेरी चाकंही झिजलेली असतात. झाला लेख. साडेतीनशे शब्द, एक फोटो, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मी प्रकाशित करायचं बटण दाबलं.

तुमचा अडलेला ड्राफ्ट असाच घ्या आणि विषय इतका बारीक करा की त्याचं उत्तर एका बैठकीत संपेल.

सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरे, आणि ती प्रकाशनासाठी नाहीत असं स्वतःला बजावून. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा एखाद्या घटनेला बांधा : ‘सकाळी लॅपटॉप उघडला की मेल पाहण्याआधी पंधरा मिनिटं लिहीन.’ असं ‘हे झालं की ते करीन’ या साच्यात ठरवलेलं जास्त पाळलं जातं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं बरंचसं काम यावरच आहे. थांबताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी ते अर्धं वाक्य समोर येतं, आणि ते पुरं करायला प्रेरणा लागत नाही.

२१ दिवसांत सवय लागते, हे विसरा. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यातच असंही दिसलं की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ‘चुकलाच आहे तर जाऊ दे’ म्हटल्यावर.

पायरी ६ : वेळापत्रक वाईट आठवड्याच्या मापाचं शिवा

आपण वेळापत्रक ठरवतो ते उत्साहाच्या रविवारी, आणि पाळायचं असतं ते सर्दी-ताप, पाहुणे, ऑफिसची डेडलाइन असलेल्या आठवड्यात. मागच्या वर्षातला तुमचा सर्वांत गचाळ महिना आठवा. त्या महिन्यात किती लेख झाले असते? तेवढेच कबूल करा. माझं उत्तर होतं दोन. आता पंधरा दिवसांनी एक.

लेख लिहून झाला की लगेच टाकू नका. तीन लेख हाताशी साठेपर्यंत थांबा, मग शेड्यूल करत जा. साठा दोनावर आला की जुना एखादा लेख दुरुस्त करून, तपशील ताजे करून पुन्हा वर आणा. हेही कामच आहे, फसवणूक नाही.

आणि ब्लॉग बंदच करायचा असेल तर?

करा. खुशाल. इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल, एवढं एकच कारण पुढे लिहायला पुरेसं नसतं. फक्त नीट बंद करा. वर्डप्रेसमध्ये ‘टूल्स’खाली ‘एक्स्पोर्ट’ असतं, तिथून सगळा मजकूर उतरवून घ्या आणि फोटोंचा फोल्डर वेगळा उतरवा, कारण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे दुवे असतात. शेवटचा लेख म्हणून दोन ओळींची सूचना टाका, नव्या प्रतिक्रिया बंद करा आणि जमलं तर डोमेन आणखी वर्षभर चालू ठेवा. माझ्या एका मैत्रिणीने तिचा जुन्या कॅमेऱ्यांचा ब्लॉग असाच बंद केला. संपर्काचा फॉर्म तेवढा ठेवला. भिंगावर बुरशी आली की काय करावं, हे विचारणारी पत्रं तिला अजून येतात, आणि ती सवडीने, तीन-चार ओळींत उत्तरं लिहिते.