बोलोन्याचे मध्ययुगीन मनोरे कसे पाहावेत

उत्तर इटलीतील बोलोन्या शहरात 12व्या आणि 13व्या शतकांत धनाढ्य घराण्यांनी 80 ते 100 मनोरे उभारले असावेत, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांपैकी वीसेक आजही उभे आहेत, पण बहुतेक प्रवासी त्यांतल्या दोघांचीच छायाचित्रे काढून फ्लॉरेन्सची गाडी पकडतात. हे मनोरे खरोखर समजून घ्यायचे असतील, तर आधी त्यांचा पाया पाहावा, मग भिंत पाहावी आणि चढण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

चढण्यासंबंधीची एक महत्त्वाची गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. शहरातील सर्वांत उंच असिनेल्ली मनोऱ्याची उंची सुमारे 97 मीटर असून त्याच्या 498 लाकडी पायऱ्या चढून माथ्यावर जाता येत असे. शेजारच्या गारिसेंदा मनोऱ्याची प्रकृती चिंताजनक झाल्यामुळे ऑक्टोबर 2023मध्ये भोवतालचा भाग बंद करण्यात आला आणि त्याबरोबर असिनेल्लीचे दारही मिटले. बळकटीकरणाचे काम अनेक वर्षे चालणारे आहे. त्यामुळे असिनेल्लीवर चढता येणार नाही असे गृहीत धरूनच बेत आखावा आणि निघण्यापूर्वी शहराच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहून घ्यावी.

तरीही सुरुवात या जोडीपासूनच करावी. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून इंदिपेंदेन्झा रस्त्याने चालत जाऊन शेवटी डावीकडे रिझ्झोली रस्त्याला वळल्यास वीस-पंचवीस मिनिटांत दोन्ही मनोऱ्यांपाशी पोहोचता येते, आणि वाटेत कमानींचे छप्पर असल्यामुळे ऊन-पावसाचा त्रास होत नाही. गारिसेंदा आज सुमारे 48 मीटर उंच आहे. पूर्वी तो सुमारे 60 मीटर होता, परंतु खालची जमीन खचून तो धोकादायक रीतीने कलल्यामुळे 14व्या शतकाच्या मध्यास त्याचा वरचा भाग उतरवण्यात आला. आजही त्याचा माथा पायापासून तीन मीटरांहून अधिक बाहेर झुकलेला आहे. कलत्या बाजूला उभे राहून वर पाहावे आणि त्याच वेळी उलट दिशेने ढग सरकत असावा, म्हणजे मनोराच अंगावर कोसळतो आहे असा भास होतो. इटालियन कवी दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’तील नरकाच्या 31व्या सर्गात खाली वाकणाऱ्या अँटेयस या राक्षसाचे वर्णन करताना नेमकी हीच उपमा योजली आहे. कुंपणामुळे अगदी पायाशी जाता येत नसले, तरी ढगाळ दिवशी थोडे दूर उभे राहूनही हा अनुभव घेता येतो, म्हणून निरभ्र आकाशाचाच हट्ट धरू नये.

असिनेल्लीकडे पाहताना त्याच्या पोकळ अंतर्भागाचीही आठवण ठेवावी. 17व्या शतकात रिच्चोली या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने येथून गोळे खाली सोडून पतनाचा वेग मोजला, आणि 18व्या शतकाच्या अखेरीस गुल्येल्मिनी या शास्त्रज्ञाने याच मनोऱ्यात पडणारा गोळा किंचित पूर्वेकडे सरकतो हे तपासून पृथ्वीच्या परिवलनाचा पुरावा शोधला.

पाया जवळून पाहायचा असेल, तर सान पेत्रोनिओ चर्चच्या मागील बाजूस असलेल्या गाल्लुत्सी चौकात जावे. तेथील गाल्लुत्सी मनोऱ्याच्या तळाशी सेलेनाइटचे, म्हणजे स्फटिकमय जिप्समचे, मोठमोठे राखाडी चिरे आहेत, आणि उन्हाची तिरीप पडली की त्यांतील स्फटिकांचे पापुद्रे चमकतात. हा दगड शहराच्या दक्षिणेकडील टेकड्यांतून येत असे. तो घडवायला सोपा असला, तरी ओल आणि उष्णता या दोन्हींपुढे कमजोर ठरतो, आणि गारिसेंदाच्या आजच्या दुखण्याचे मूळही त्याच्या याच दगडी तळात आहे. चिऱ्यांच्या वर विटांचे काम सुरू होते. आतील व बाहेरील अशा दोन भिंती बांधून मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चुना भरायचा, आणि वर जाताना भिंतींची जाडी कमी करत न्यायची, अशी ही पद्धत होती. भिंतीवर ओळीने दिसणारी चौकोनी भोके बांधकामाच्या वेळच्या परांचीच्या लाकडांची आहेत. बरेच उंचावर असलेले दारही अवश्य शोधावे, कारण शेजारच्या घरातून लाकडी पुलावरून आत शिरायचे आणि संकट आले की तो पूल काढून टाकायचा, ही त्यामागची योजना होती. संरक्षण आणि प्रतिष्ठा या दोन्ही गरजा त्या एका दारात एकत्र दिसतात.

तेथून सान्तो स्तेफानो रस्त्यावरील अल्बेरिची मनोऱ्याकडे जावे, ज्याच्या तळाशी मध्ययुगीन पद्धतीने लाकडी फळ्यांनी बंद होणारे दुकान आहे.

उंचावरून शहर पाहण्यासाठी मी दोन पर्याय सुचवीन. माज्जोरे चौकातील अक्कुर्सिओ महालाचा घड्याळाचा मनोरा तुलनेने सोपा आहे. येथे ठरावीक वेळेचे तिकीट मिळते, चढताना जुन्या घड्याळाची यंत्रणा दिसते आणि त्याच तिकिटात महालातील कलासंग्रहही पाहता येतो. गर्दीच्या दिवसांत तिकीट आगाऊ काढावे. दुसरा पर्याय सुमारे 60 मीटर उंचीच्या प्रेंदिपार्ते मनोऱ्याचा असून तो मला अधिक मोलाचा वाटतो. हा 12व्या शतकातील मनोरा 18व्या शतकात धर्मपीठाचा तुरुंग होता, आणि कैद्यांनी भिंतींवर कोरलेली अक्षरे अजून वाचता येतात. आता तेथे मुक्कामाची सोय आहे आणि काही मोजक्या दिवशीच तो पाहण्यासाठी उघडतात. त्यामुळे आधी चौकशी करून त्या दिवसाभोवती सहल बेतणे योग्य ठरते. जिने अरुंद आणि तीव्र चढाचे असल्याने गुडघ्यांचा किंवा उंचीच्या भीतीचा त्रास असणाऱ्यांनी घड्याळाचा मनोराही विचारपूर्वकच निवडावा.

फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीने बोलोन्या सुमारे 40 मिनिटांवर आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे. मात्र प्रेंदिपार्ते पाहायचा असेल तर एक रात्र शहरातच काढावी, आणि सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी गाल्लुत्सी चौक पाहून घ्यावा, कारण त्या वेळी तळाचे चिरे निवांतपणे न्याहाळता येतात.