डोक्यावर सरकारी ड्रोन? "का" विचारू नका, कागद मागा

मागच्या वर्षी मोर्चा होता त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो तर समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर एक ड्रोन थांबलेला, भुंग्यासारखी गुणगुण, एका अंगाला लाल दिवा एका अंगाला हिरवा, आणि कॅमेरा मोर्चाकडे आहे की आमच्या गच्चीकडे तेच कळेना. दुसऱ्याच दिवशी तावातावाने आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकला, "माझ्या घरावर ड्रोन का उडवला?" महिनाभराने एका ओळीत उत्तर, असे प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत. डोकं फिरलं, पण चूक माझीच होती. आरटीआयमध्ये रेकॉर्डवर जे आहे ते मिळतं, "का" चं उत्तर कोणी नव्याने लिहून देत नाही.

दुसऱ्यांदा जे केलं ते सांगतो.

आधी ड्रोन खरंच पाळत ठेवायलाच आला होता का ते बघा. गावठाणात दिवसा फिरत असेल आणि त्याआधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारून गेले असतील तर तो बहुतेक स्वामित्व योजनेचा, मोजणीचा. ती योजना २०२० मध्ये सुरू झाली, ग्रामपंचायतीत विचारलं की कळतं. आणि दगड मारून पाडायच्या भानगडीत पडू नका, सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून केस तुमच्यावरच होईल.

मग तारीख, वेळ, ठिकाण, किती मिनिटं होता ते लगेच लिहून ठेवा, मोबाईलवर व्हिडिओ घ्या. अर्जात नेमकी वेळ दिलेली नसेल तर "नोंद आढळून येत नाही" हे उत्तर त्यांना फार सोपं पडतं.

आता अर्ज. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि शब्द १५० च्या आत. ऑनलाइन पण होतो. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही, कोणी विचारलंच तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) दाखवा. मी मागितलं ते असं: अमुक तारखेच्या ड्रोन उड्डाण नोंदवहीच्या पानांची प्रत, ड्रोनचा युआयएन (म्हणजे नोंदणी क्रमांक), पायलटच्या प्रमाणपत्राची प्रत, उड्डाणाचा लेखी आदेश, आणि फुटेज किती दिवस ठेवायचं याचं परिपत्रक. युआयएन मुद्दाम, कारण ड्रोन नियम २०२१ मधून लष्कर, नौदल, हवाई दल वगळलंय, त्यात पोलिस नाहीत, म्हणजे त्यांच्या ड्रोनलाही हा नंबर हवाच. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. पोच मात्र घ्याच, शिक्का मारलेली.

३० दिवसांत उत्तर यायला हवं आणि ते बहुतेक नकारच असतं. कलम ८(१)(h), म्हणजे तपासात अडथळा येईल, हे ठरलेलं. पण तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, ही माहिती दिल्याने तपास कसा अडेल ते त्यांनी सांगायला हवं. काही भाग खरंच गोपनीय असेल तर तेवढा झाकून बाकीचं द्या, कलम १० त्यासाठीच आहे. गुप्तवार्ता विभागांना मात्र कलम २४ ची सूट मिळू शकते, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच तिथे जागा आहे.

नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यात मी सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल टाकला, २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीश, खासगीपणा हा मूलभूत हक्क आणि सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि गरजेपुरतंच हवं. म्हणून फुटेजचा नियम मागतोय, असं दोन ओळीत लिहिलं, भाषण केलं नाही. सुनावणीला स्वतः गेलो, दहा मिनिटांत आटोपलं.

शेवटी दोन पानं मिळाली, पानाला २ रुपये प्रमाणे ४ रुपये भरून. नोंदवहीत वेळ माझ्या वहीतल्या वेळेशी जुळते, पायलटचं नाव काळं केलंय, आणि फुटेजच्या परिपत्रकापुढे लिहिलंय, "उपलब्ध नाही". दुसरा अर्ज आता त्या एका ओळीवर लिहायला घेतलाय.