'ग्राफे'चा अर्थ लावताना या चुका टाळा

नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातला, ग्रीक शब्द 'ग्राफे'. मूळ अर्थ साधा: लिहिलेलं, लेख. मराठी बायबलमध्ये त्याचा 'शास्त्रलेख' होतो. इतक्या सरळ शब्दावर लोक ज्या कसरती करतात, त्या बघून कंटाळा आलाय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कोश उघडायचा, त्यातला सर्वात चटपटीत अर्थ उचलायचा आणि वचनात कोंबायचा. एका अभ्यासवर्गात एक उत्साही तरुण मोबाइल नाचवत उभा राहिला. "ग्राफे म्हणजे फिर्याद! शास्त्र ही देवानं माणसावर गुदरलेली फिर्याद आहे." टाळ्याही पडल्या. आता, तो अर्थ खोटा नाही. जुन्या अथेन्समध्ये एका प्रकारच्या सार्वजनिक खटल्याला ग्राफेच म्हणत, इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर अधर्माच्या आरोपाची अशीच ग्राफे चालली. पण ती कोर्टातली ग्रीक. नव्या करारात हा शब्द पन्नासेक वेळा येतो आणि रोख पवित्र लेखांकडेच असतो. मी आधी ती सगळी वचनं वाचतो, कोश शेवटी. एक दुपार जाते. तेवढीही द्यायची नसेल, तर ग्रीकच्या वाटेला जाऊच नये.

दुसरी चूक २ तीमथ्य ३:१६ मधली, म्हणजे प्रेषित पौलाच्या नावे तरुण सहकारी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली. 'शास्त्रलेख' दिसला की हातातलं जाडजूड बायबल डोळ्यांपुढे येतं. अहो, मागचंच वचन वाचा! तीमथ्याला बालपणापासून ठाऊक असलेल्या लेखांबद्दल ते आहे. तो लहान असताना शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, कुठे होती? ते यहुद्यांचे लेख, म्हणजे आपला जुना करार. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी नेमकी तशी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. पण शास्त्रलेख म्हणजे फक्त जुना करार, हे दुसरं टोकही गाठू नका: २ पेत्र ३:१६ पौलाच्या पत्रांना इतर शास्त्रलेखांच्या रांगेत बसवतं.

तीमथ्याच्या त्याच वचनात ग्रीकमध्ये 'आहे' नाहीच. त्यामुळे 'प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे' आणि 'प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगी आहे' दोन्ही बसतात. उगाच भांडू नका.

एकवचनी 'ग्राफे' बहुधा एखाद्या ठरावीक वचनाबद्दल असतो. लगेच अख्खा ग्रंथ धरू नका.

योहान ५:३९ मध्ये 'तुम्ही शास्त्रलेख शोधता' की 'शास्त्रलेख शोधा' हा प्रश्न येतो, कारण 'शोधता' आणि 'शोधा' यांचं ग्रीक रूप एकच. येशू तिथे विरोधकांना सुनावतोय, म्हणून मी 'शोधता' घेतो. भिंतीवर लावायला मात्र लोकांना 'शोधा'च हवं असतं.