गेट_सिंक फसतं, तरी आकडा चढतो

लिनक्समध्ये कुणी वापरत नसतानाही उपकरण झोपत नाही, अशा एका बगची ही गोष्ट. कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल करता येतो, डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) वाचता येतं, छोटा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) समजतो, असं धरून लिहितेय. यातलं काही राहिलं असेल तर पॉवर मॅनेजमेंटचा बग आत्ताच हातात घेऊ नका, डोकं फिरेल. इंदूरला भंवरकुआंवर वाटेल त्या परीक्षेचा क्लास मिळतो, याचा मिळत नाही. मिळाला असता तरी मी कुणाला पाठवलं नसतं. राजेंद्रनगरच्या आमच्या घरात, खोलीला कडी लावून लिनक्सच्या रनटाइम पीएमचं (मशीन चालू असताना रिकाम्या उपकरणांना झोपवणाऱ्या यंत्रणेचं) डॉक्युमेंटेशन सावकाश वाचणं, एवढाच रस्ता मला सापडला.

माझ्या वाट्याला आलेला बग असा: लॅपटॉप सस्पेंड करून उठवला की आय-टू-सी बसवरचा (छोट्या चिप जोडणाऱ्या तारांवरचा) एक सेन्सर कधीकधी परत झोपायचाच नाही. रीडिंग अगदी बरोबर यायची, म्हणून तक्रार आली ती बॅटरीची. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची स्थिती फाइलींतून दाखवतो तिथे) पाहिलं तर कंट्रोल 'ऑटो', स्टेटस 'अ‍ॅक्टिव्ह', आणि कुणी वापरत नसताना रनटाइम_यूसेज 1, म्हणजे अजून कुणीतरी वापरतंय अशी नोंद. (ही शेवटची फाइल दिसत नसेल तर कॉन्फिगमध्ये पीएम अ‍ॅडव्हान्स्ड डीबग चालू करा.)

आता नीट वाचा, कारण मी इथेच अडकून पडले होते. उपकरण वापरण्याआधी ड्रायव्हर पीएम_रनटाइम_गेट_सिंक हे फंक्शन बोलावतो. ते आधी यूसेज काउंटर (किती जण वापरताहेत तो आकडा) एकने वाढवतं आणि मग उपकरण जागं करायला जातं. जागं करणं फसलं तर एरर परत येते, पण वाढलेला काउंटर तसाच राहतो. ड्रायव्हर 'एरर आली, रिटर्न' म्हणून निघून गेला की तो एक कायमचा अडकला. काउंटर शून्यावर येत नाही तोवर उपकरण झोपत नाही. एरर आली तरी पुट_नोआयडल (काउंटर एकने कमी करणारं फंक्शन) करावंच लागतं. नाहीतर 2020 मध्ये आलेलं पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट वापरा, ते फसल्यावर काउंटर स्वतः खाली आणतं. आणखी एक: उपकरण आधीच जागं असेल तर गेट_सिंक 1 देतं. म्हणून तपासणी 'शून्यापेक्षा कमी' अशी हवी, 'शून्य नाही' अशी नको.

पण एरर मुळात का यायची? सस्पेंड टप्प्याटप्प्याने होतो. त्याच्या 'लेट' टप्प्यात कर्नल त्या उपकरणाचं रनटाइम पीएम बंद करतो. सेन्सर तोवर झोपलेला असेल आणि नेमक्या त्या फटीत ड्रायव्हरचं वर्क (मागून चालवायला ठेवलेलं काम) चाललं, तर गेट_सिंक ईअ‍ॅक्सेस ही एरर घेऊन परत येतं. म्हणून खरी दुरुस्ती दोन ठिकाणी: काउंटर सावरायचा, आणि सस्पेंड कॉलबॅकमध्ये (सस्पेंडच्या वेळी कर्नल बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) ते वर्क कॅन्सल करायचं. फक्त पहिली केलीत तर बॅटरी वाचेल, एरर येतच राहील.

शॉर्टकटवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. सगळीकडे शोधा-बदला करून गेट_सिंकच्या जागी रिझ्यूम_अँड_गेट घालणारे पॅच (कोडमधले बदल) पाहिलेत. बऱ्याच ड्रायव्हरांच्या रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) गेट_सिंकचं उत्तर मुद्दामच तपासत नाहीत, कारण पुढे काउंटर कमी करणारं पुट_सिंक ठरलेलं असतं. तिथे बदल केला आणि रिझ्यूम फसलं, तर काउंटर शून्याखाली जायला निघतो आणि डीमेसेजमध्ये अंडरफ्लोची ओरड दिसते. एखादे सीनियर तयार पॅच हातात देत असतील तर नम्रपणे नको म्हणा. 'कोणता टप्पा वाचलास?' असं विचारणारे भेटले तर त्यांना सोडू नका.

घाबरू मात्र नका. बग पुन्हा दिसावा म्हणून झाकण उघडझाप करत बसायची गरज नाही. पीएम_टेस्ट या चाचणीच्या फाइलमध्ये 'प्लॅटफॉर्म' लिहा आणि सस्पेंड द्या. मशीन त्या टप्प्यापर्यंत जाऊन डिफॉल्टने 5 सेकंद थांबतं आणि परत येतं. एरवी निसटणारी फट तेवढा वेळ उघडी राहते. 'डिव्हाइसेस' लिहून काही हाती लागणार नाही, कारण ती पातळी लेट टप्प्याच्या आधीच मागे वळते. पॅच पाठवताना फिक्सेस टॅगमध्ये बग आणणाऱ्या मूळ कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची पहिली 12 अक्षरं द्या, चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा, आणि वर्णनात हा टप्प्यांचा क्रम लिहा. माझ्या पॅचवर पहिला प्रश्न त्यावरच आला होता.