पावसाळ्यातली खाज: गजकर्ण, गाजर गवत की खरूज?

सोयाबीन पिवळं पडलं म्हणून कुणी लगेच पंप पाठीला लावत नाही. आधी रानात वाकून बघतो. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडलंय, हिरवे-पिवळे चट्टे असतील तर मोझॅक हा विषाणूचा रोग, आणि सखल भागातलंच पीक पिवळं असेल तर पाणी साचलंय. पिकाच्या बाबतीत आपली नजर अशी पक्की असते. स्वतःच्या अंगाला खाज सुटली की मात्र आपण बाजारच्या दिवशी मेडिकलमध्ये उभे राहतो आणि म्हणतो, "खाजेचं काहीतरी द्या."

श्रावण-भाद्रपदात खुरपणी, फवारणी आणि ओले कपडे या तिन्हींमुळे खाजेच्या तक्रारी वाढतात. सगळ्यांची खाज सारखी दिसली तरी कारण वेगळं असतं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर दुखणं वाढतं. म्हणून आधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. खाज अंगावर नेमकी कुठे आहे? कधी वाढते? आणि घरात आणखी कोण खाजवतंय?

सुरुवात गजकर्णापासून, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. याला कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद. ही बुरशी आहे. जांघेत, काखेत, स्तनांखाली, कमरेला करगोटा किंवा परकराची नाडी घासते तिथे, म्हणजे जिथे घाम मुरतो तिथे ती धरते. ओळखायची खूण कडेला असते. चट्टा गोल, कड लालसर, उंचावलेली आणि कोंडा सुटणारी, मधला भाग मात्र बरा झाल्यासारखा. दिवसेंदिवस कड बाहेर सरकत जाते. गोठ्यातल्या वासराच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर पांढरट खरपुडी धरून केस गळले असतील, आणि त्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या गालावर तसाच गोल उठला असेल, तर दोघांचं दुखणं एकच समजा. पोराला डॉक्टरकडे आणि वासराला पशुवैद्यकाकडे, दोन्हीकडे जावं लागेल.

आता त्या ट्यूबचं. खाजेवर मागितलं की बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते तिच्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि स्टिरॉइड असं सगळं कालवलेलं असतं. टॉनिक, कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकाच टाकीत ओतून मारायचा जो प्रकार आपल्याकडे चालतो, त्यातलाच हा. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. बुरशी मात्र मरत नाही, उलट स्टिरॉइडमुळे तिथल्या कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. पंधरा दिवसांनी गोलात गोल उठतात, चट्टे मांड्यांवर आणि पोटावर पसरतात, जांघेतली कातडी पातळ होऊन पांढऱ्या भेगा पडतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं मुलाला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावू नका. स्टिरॉइडची अशी 14 मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये नियम कडक केला. तो काउंटरवर किती पाळला जातो हे तुम्ही बघताच.

एक-दोनच छोटे चट्टे असतील तर साधं क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं, खाज गेली की ट्यूब देवळीत जाते. चट्टे जास्त असतील तर पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांकडूनच घ्या. चड्डी, टॉवेल, बनियन ज्याचं त्याचं वेगळं हवं, आणि वाळलेलं हवं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ही खरी अडचण आहे. चुलीच्या उबेला ठेवा किंवा इस्त्री फिरवा, पण दमट चड्डी घालू नका.

दुसरं कारण बांधावर उभं आहे. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. पुण्यात 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा नजरेत भरलं, आणि आता त्याच्याशिवाय रस्त्याची कड दिसत नाही. या गवताची मला स्वतःला ॲलर्जी आहे. पहिली दोन वर्षं मी ते ऊन समजत होतो. चेहरा लाल, पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी जाड आणि काळपट, कोपराच्या घडीत ओलसर खाज. आई म्हणायची पित्त आहे, आणि आमसुलाचं पाणी चोळायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला आणि म्हणाल्या, "बघा, बनियनच्या आत काहीच नाही." मग हनुवटी वर करायला सांगितली. हनुवटीखाली आणि कानामागे चट्टे होते. ऊन तिथे पोचत नाही, वाऱ्यावरचा गवताचा कण पोचतो. ऊन आणि गाजर गवत यांतला फरक मला तेव्हा कळला, आणि तो आरशासमोर कुणालाही तपासता येतो. पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानामागची जागा. आणखी एक खूण म्हणजे, लग्नाकार्याला आठ-पंधरा दिवस दुसरीकडे गेलात आणि खाज उतरली, परत येऊन बांधावर गेलात की पुन्हा उठली.

ॲलर्जी एकदा जडली की बहुधा सुटत नाही, म्हणून गवत टाळणं हेच मुख्य औषध. ते फुलात येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे पांढरी फुलं दिसायला लागल्यावर उपटणं म्हणजे अर्धी पेरणी झाल्यावर जागं होणं. उपटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेत. मोजे नसतील तर खताच्या गोणीतली आतली प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. ज्याला आधीच त्रास आहे त्याने हे काम करू नये, मग घरच्यांनी कितीही टोमणे मारले तरी. वाळलेलं गवतही तेवढंच बाधतं, म्हणून ते आवरायलाही त्याला लावू नका. पानांवर पांढरट-पिवळसर, तपकिरी नक्षीचे छोटे भुंगेरे दिसले तर ते मेक्सिकन भुंगेरे आहेत. ते हे गवत खातात, म्हणूनच 1980 च्या दशकात ते भारतात आणले गेले. त्यांच्यावर औषध मारू नका.

फवारणीची खाज तासाभरात कळते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधं मारल्यावर तोंडावर मुंग्या आल्यासारखी चुणचुण होते, घामाने आणि उन्हाने ती वाढते, पण पुरळ दिसत नाही. ती बहुधा दिवसभरात उतरते. पाठीवर किंवा कमरेवर ओघळाच्या आकारात लाल पट्टा उठला असेल तर पंपाचं झाकण आणि वॉशर तपासा. गळलेल्या औषधाने शर्ट भिजतो आणि तो भिजका शर्ट आपण संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवतो. काम थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. मात्र खाजेबरोबर घाम फुटणं, लाळ सुटणं, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, उलटी, छातीत दाटणं यांतलं काही असेल तर ती त्वचेची तक्रार राहिली नाही, विषबाधा आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, ते विसरायचं नाही. औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

किड्यांची खाज ओळखायला सोपी असते, कारण ती अचानक आणि एकाच जागी होते. घोणस अळीवरून 2022 च्या पावसाळ्यात किती घबराट उडाली होती ते आठवत असेल. ती चावत नाही, अंगावरचे काटे टोचतात आणि आग होते. चिकटपट्टी त्या जागी हलकेच चिकटवून ओढून काढा म्हणजे काटे निघतात, मग बर्फ लावा. खाजकुयलीची कुसं लागली तरी चोळू नका, चिकटपट्टी किंवा कणकेचा घट्ट गोळा फिरवा. शेण लावायची रीत जुनी आहे, पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. सकाळी उठल्यावर मानेवर चटका बसल्यासारखी लांब रेघ दिसली, खाजेपेक्षा आग जास्त, तर रात्री दिव्याशी येणारा मुंगीसारखा लाल-काळा किडा अंगावर चिरडला गेलाय. तो झटकायचा, मारायचा नाही.

भात लावणाऱ्यांच्या पायांच्या चिखल्या तर घरोघरी. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, भिजून सुटलेली. रात्री पाय धुऊन बेचके कोरडे पुसणं हे अर्धं औषध. बरं नाही झालं तर वर सांगितलेलं क्लोट्रिमाझोल. मधुमेह असलेल्याने चिखल्या अंगावर काढू नयेत.

काही वेळा खाज नसणं हीच खूण असते. फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाजत नाही, आणि तिथे गरम-गार किंवा टोचलेलं कळत नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध दोन्ही तिथे मोफत आहेत आणि तो पूर्ण बरा होतो. तापाबरोबर अंगावर कुठे न दुखणारी, न खाजणारी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातला बारीक किडा चावून येणाऱ्या तापाची, शंका घ्या. 2018 मध्ये नागपूरकडे त्याने बराच त्रास दिला होता. आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील तर ते उष्णतेवर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. यकृताचं दुखणं असू शकतं.

राहिली खरूज. गेल्या महिन्यात खुरपणीला आलेल्या एका मावशींनी जेवणाच्या सुट्टीत हात पुढे केला. "दिवसा काही नाही बघा दादा. रात्री गोधडीत शिरलं की जीव नको होतो." बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक फोड, मधे केसाएवढ्या वाकड्या रेघा. मी विचारलं, घरात आणखी कोणाला? सुनेला, दोन्ही नातवंडांना. मालकांना नाही. रात्रीची खाज, बेचके, मनगट, बेंबी, जांघ, आणि घरात एकापेक्षा जास्त माणसं, एवढं जुळलं की दुसरं काही शोधायची गरज नाही. हा कातडीत बीळ करणारा किडा आहे, घाण राहिल्याने होतो हा गैरसमज आहे, तो एका गोधडीत अंगाला अंग लागून झोपल्याने येतो.

डॉक्टरांनी त्यांना 5 टक्के परमेथ्रिनचं मलम दिलं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतसुद्धा लावायचं, आठ ते बारा तासांनी अंघोळ करायची, सात दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका. मालक म्हणाले, मला काय झालंय, मी नाही लावत. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर माणूस किडे घेऊन हिंडतो, हे समजावल्यावर कुरकुरत तयार झाले. कपडे आणि चादरी त्याच सकाळी कढत पाण्यात. जाडजूड गोधड्या या हवेत धुऊन वाळणार कधी? त्या खताच्या रिकाम्या नव्हे, धान्याच्या स्वच्छ प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

दहा दिवसांनी मावशी पुन्हा भेटल्या. खाज थोडी होतीच, म्हणून तिसऱ्यांदा मलम लावायला निघाल्या होत्या. मेलेल्या किड्यांची खाज उतरायला दोन ते चार आठवडे जातात. नवीन फोड उठलेत का, एवढं बघितलं. नव्हते. मलम ठेवून द्यायला सांगितलं.