माझा अनुभव : ७३७-३०० मध्ये ऑटोपायलट लागताच सुटत होता

सिम्युलेटरमध्ये बोइंग ७३७-३०० उडवताना उड्डाणानंतर 'सीएमडी ए' (ऑटोपायलट चालू करण्याचे बटण) दाबले की दिवा क्षणभर लागे आणि लगेच धोक्याची सूचना वाजून ऑटोपायलट सुटे. फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे वळवावे हे पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) तपासला, ट्रिम (दांडा न धरता विमान स्थिर ठेवणारी जुळवणी) बदलून पाहिले, विमान पुन्हा इन्स्टॉल केले. तीन संध्याकाळी वाया गेल्याने मी अगदी हताश झालो होतो.

दोष जॉयस्टिकमध्ये निघाला. नियंत्रणदांड्यावर जोर आहे असे वाटल्यास वैमानिकाने ताबा घेतला असे मानून माझ्या सिम्युलेटरमधले हे विमान ऑटोपायलट सोडत होते, आणि माझी जॉयस्टिक हात न लावताही कॅलिब्रेशनच्या (जॉयस्टिकचे मोजमाप जुळवण्याच्या) पडद्यावर ० ते ३ टक्क्यांच्या दरम्यान थरथरत होती.

आधी थ्रॉटल व पेडलना सिम्युलेटरने आपोआप जोडलेले एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (विमान कलवणारा) यांचे अक्ष काढून टाकले, कारण दोन उपकरणे एकच अक्ष हलवत असतील तर पुढचे सारे व्यर्थ ठरते. मग जॉयस्टिक कॅलिब्रेट करून दोन्ही अक्षांना ५ टक्के डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल दुर्लक्षित होणारा भाग) दिला. उड्डाणानंतर हात सोडूनही नाक स्थिर राहीपर्यंत ट्रिम केले, फ्लाइट डायरेक्टर चालू असल्याची खात्री केली आणि शेवटी जॉयस्टिकला स्पर्श न करता 'सीएमडी ए' दाबले. विमान उतरेपर्यंत दिवा लागून राहिला.