एसीला सोसायटीची परवानगी कशी मिळवली

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दीड टनाच्या एसीला सेक्रेटरी काका हो म्हणेनात. दर्शनी भिंतीवर आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट नको आणि खालच्या वहिनींच्या वाळवणावर पाणी टपकायला नको. रास्तच होतं म्हणा! कुणी डक्ट, म्हणजे इमारतीतली पाइपांची अरुंद मोकळी जागा सुचवली, पण तिथं गरम हवा कोंडते, मग कॉम्प्रेसरवर ताण येऊन कूलिंग पडतं. शेवटी मागच्या बाल्कनीत जाळीबाहेर तोंड करून स्टँडवर बसवायचं ठरलं. ड्रेन पाइप उतार देऊन थेट मोरीत. हे सगळं मापांसह कागदावर काढून अर्जाला जोडलं, तशी कमिटीची लेखी एनओसी (ना-हरकत पत्र) आली. घराचा विजेचा मंजूर भार १ किलोवॅटच होता, तो महावितरणकडं अर्ज करून वाढवला. आतलं-बाहेरचं युनिट जोडणारी तांब्याची नळी तेवढी जास्त लागली, खिशाला जाणवली.